दोराचं हे टोक

दोर हातात असला की मी बोलत नाही. बाकीच्यांना हे आता ठाऊक झालं आहे. त्या वीस-पंचवीस मिनिटांत कुणी माझ्यापुढे कॉफीचा पेला धरत नाही, की शेजारी येऊन गप्पा काढत नाही. बुटांना लोखंडी दाते लावून मी भोकाच्या काठापासून दोन हात मागे उभा असतो. पिवळा दोर डाव्या हातातून येतो, उजव्या हातातून पुढे जातो, काळ्या पाण्यात शिरतो आणि बर्फाखाली वळतो. त्या वळणापलीकडे मला काही दिसत नाही. पलीकडे माझी मैत्रीण आहे. माझ्यापासून पंचवीस मीटरवर, चाळीस सेंटिमीटर जाड बर्फाच्या खाली ती आत्ता पोहते आहे. एरवी पाणबुड्याचे बुडबुडे पाण्यावर येतात आणि तो कुठे आहे ते काठावरच्याला सांगतात. इथे तेही नाही. बुडबुडे बर्फाच्या पोटाला चिकटून राहतात. तिच्याबद्दल जे काही कळायचं ते या दोरातून, आणि दोन जाड हातमोज्यांतून, माझ्या बोटांना कळायचं.

ओटावाहून उत्तरेला गाटिनो नदीच्या काठाकाठाने गेलं की डोंगर सुरू होतात आणि वेकफील्डच्या परिसरात मॉरिसनची खाण लागते. चुनखडीची जुनी दगडखाण. खाण चालू असेतो पंप पाणी उपसत राहतात. काम थांबतं, पंप थांबतात, मग दगडाच्या भेगांतून झिरपणारं पाणी आणि पाऊस-बर्फ यांना अडवणारं कुणी उरत नाही. जिथे माणसं घण घालत होती तिथे तळं होतं. उन्हाळ्यात या कड्यावरून लोक पायांना रबरी दोर बांधून दोनशे फूट खाली उड्या टाकतात. पाणी तेव्हा निळंहिरवं असतं आणि किंकाळ्या समोरच्या कड्यावर आपटून परत येतात. फेब्रुवारीत इथे आवाज नसतो. कड्यांवरून झिरपलेल्या पाण्याचे निळसर खांब गोठून उभे असतात आणि तळ्यावर गुडघाभर भुसभुशीत हिम.

आम्ही पाचजण आहोत. एक क्विबेकचा सुतार, एक परिचारिका, एक शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, एक आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला गृहस्थ आणि मी. पाण्यानेच आमची ओळख करून दिली. उन्हाळ्यात सेंट लॉरेन्स नदीतली बुडालेली जहाजं बघायला जाणाऱ्या मंडळींतले आम्ही. पुढे कधीतरी हिवाळ्याचे सहा महिने वाया का घालवायचे, असं सुतार म्हणाला आणि आम्ही रीतसर शिकून घेतलं. हे नीट शिकल्याशिवाय करायचं काम नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो. वर थेट जाता येत नाही, ही एकच गोष्ट सगळं बदलून टाकते. उघड्या पाण्यात काही बिघडलं तर पाणबुड्याला शेवटचा आधार डोक्यावरच्या आकाशाचा असतो. इथे आकाशाला एकच दार आहे आणि ते आपण कापलेलं आहे.

दार कापण्यात अर्धी सकाळ जाते. आधी गिरमिटाने आठ-दहा ठिकाणी भोकं पाडून जाडी मोजायची. काळसर, काचेसारखा बर्फ भरवशाचा; हिम भिजून पुन्हा गोठल्यावर जो पांढरा बर्फ होतो त्याची ताकद निम्मीच धरायची. मग हिम बाजूला सारून बर्फावर त्रिकोण आखायचा, अडीच-अडीच मीटरच्या बाजूंचा. चौकोन का नाही, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. सुतार म्हणाला, तीन काप चारांपेक्षा कमी, हे एक. आणि दुसरं म्हणजे कोपरा. त्रिकोणाचा कोपरा अरुंद असतो. थकलेल्या माणसाला दोन्ही कोपरं दोन्ही कडांवर टेकवून स्वतःला वर रेटता येतं. चेनसॉ सुरू झाला की बर्फाचा ओला भुगा फवाऱ्यासारखा उडतो आणि सुताराच्या दाढीत गोठतो. तिसरा काप संपतो तेव्हा एक बारीकसा आवाज होतो, दूध वर येताना झाकण हलतं तसा, आणि तो अख्खा त्रिकोण सुटा होऊन तरंगू लागतो.

त्या तुकड्याचं वजन जवळजवळ एक टन भरतं. तो वर उचलायचा म्हटला तर यंत्र लागेल. पण बर्फ पाण्यापेक्षा जेमतेम बाराव्या हिश्शाने हलका, त्यामुळे त्याला पाण्याखाली दाबून धरायला नव्वद किलोंचा भार पुरतो. आम्ही तिघं-चौघं काठावर बसून पाय रेटतो, तो निमूटपणे खाली जातो आणि बाजूच्या बर्फाखाली सरकून बसतो. हे करताना मास्तर दर वर्षी खूष होतो. तो म्हणतो, मुलांना आर्किमिडीज शिकवायचा तर वर्ग इथे भरवला पाहिजे.

यानंतरचं काम मला फार आवडतं. भोकापासून निघणाऱ्या लांब सरळ वाटा आम्ही फावड्याने हिमातून मोकळ्या करतो, चाकाच्या आऱ्यांसारख्या. प्रत्येक आऱ्यावर बाणाची टोकं, सगळी भोकाकडे तोंड केलेली. वरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. खालून बघितलं की हिमाने झाकलेला बर्फ अंधारलेला असतो आणि या साफ केलेल्या रेषा तेवढ्या उजेडाच्या. अंगणात कुणी पांढऱ्या फकीने रांगोळीच्या रेघा ओढाव्यात आणि आपण जमिनीच्या आतून त्या बघाव्यात, तसं काहीसं. बाण सांगतात, घर इकडे आहे.

मग सराव. पाण्यात जाण्याआधी, दर वेळी, बर्फावरच. पाणबुड्याचा दोर तुटला किंवा सुटला तर काय करायचं याचा. नियम असा की त्याने शोधत फिरायचं नाही. सावकाश वर यायचं, बर्फाच्या पोटाला टेकायचं, दिशेची खात्री नसेल तर तिथेच थांबायचं आणि वाट बघायची. वर एक दुसरा पाणबुड्या सगळा जामानिमा चढवून सज्ज बसलेला असतोच. त्याचा दोर पहिल्यापेक्षा बराच लांब असतो. तो उतरतो, हरवलेला जिथे असावा त्याच्याही पलीकडे जातो आणि दोर ताठ ठेवून बर्फाखाली मोठं वर्तुळ घालत पोहतो. त्याने हरवलेल्याला बघण्याची गरज नाही. फिरणारा दोर घड्याळाच्या काट्यासारखा येतो आणि हरवलेल्याच्या अंगाला लागतो. हे आम्ही हिमात उभं राहून करतो. एकाने डोळे मिटून, एक हात वर करून थांबायचं. दुसऱ्याने दोर घेऊन लांबून फेरी मारायची. माझी पाळी आली की मी डोळे मिटतो. थंडीने नाकातले केस कडक झालेले असतात. पावलांचा कुरकुर आवाज दूर जातो, कमी होतो, नाहीसा होतो. किती वेळ गेला हे डोळे मिटलेल्याला नीट कळत नाही. आणि मग छातीला दोर हलकेच टेकतो. सराव आहे हे माहीत असूनही त्या स्पर्शाने दर वेळी माझा श्वास मोकळा होतो.

दोर धरणाऱ्याला इथे टेंडर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द निविदांपुरता राहिला. इथे त्याचा अर्थ निगा राखणारा. दोराची भाषा दोघांनी आधी ठरवून घ्यायची. आमच्यात एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड, मला पुढे जायचंय. तीन म्हणजे ओढून घे. चार किंवा त्याहून जास्त म्हणजे काही विचारू नकोस, आत्ताच्या आत्ता ओढ. टेंडरनेही ठरावीक वेळाने एकदा ओढून विचारायचं आणि उत्तर आलंच पाहिजे. एवढ्या चार शब्दांवर माणूस खाली जातो.

ही भाषा मला नवी नव्हती. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी ती सांगितली तेव्हा माझ्या कमरेला आधी काहीतरी आठवलं, मग मला.

माझं पोहणं आजोळी झालं, कोरेगाव तालुक्यात, मामाच्या विहिरीत. दगडाने बांधलेली, अर्ध्यापर्यंत पायऱ्या असलेली विहीर. मोट केव्हाच बंद झाली होती, इंजिन आलं होतं, पण मोटेचा जुना नाडा मामाने गोठ्यातल्या मेढीला गुंडाळून ठेवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो माझ्या पाठीवर पांगाऱ्याच्या लाकडाची सांगड बांधायचा, कमरेला दोर आवळायचा आणि काही कळायच्या आत मला वरून ढकलून द्यायचा. नाकातोंडात पाणी जायचं. वर येऊन बघावं तर गोल आभाळ आणि त्याच्या कडेला मामाचं धोतर. मी ओरडायचो, "मामा, सोडू नको!" तो वरून म्हणायचा, "आरं हात मार, पाय मार! मी हाय न्हवं वर!" मामा विड्यांमागून विड्या ओढणारा माणूस. पण दोर हातात असेपर्यंत त्याने एकही विडी पेटवली नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं, त्याचा अर्थ लागायला मला अर्धी पृथ्वी ओलांडून बर्फावर उभं राहावं लागलं.

सातव्या की आठव्या दिवशी त्याने सांगड काढली. दोर होता. मी विहिरीच्या त्या काठाला जाऊन हात लावला, वळलो, तर दोर पाण्यावर सैल पडलेला, वेटोळी वेटोळी झालेला. मी माझ्या जिवावर पोहत होतो. मामा हसत होता. मात्र टोक अजून त्याच्या मुठीत होतं, मुठीभोवती दोन वेढे दिलेले.

बर्फावर दोर असा सैल पडू द्यायचा नसतो. सैल दोरातून निरोप येत नाही आणि सैल दोर पाणबुड्याच्या टाकीभोवती, पायांभोवती गुंततो. म्हणून तो सतत हलका ताणलेला ठेवायचा. इतका हलका, की खालच्याला ओढल्यासारखं वाटू नये, आणि इतका ताठ, की त्याची मान वळली तरी वर कळावी. या दोन्हींमधली जागा शिकायला मला दोन हिवाळे लागले.

पाण्यात उतरण्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्यासाठी आम्ही येतो. हवा उणे वीस अंशांवर असते तेव्हा ते पाणी हीच त्या परिसरातली सगळ्यांत ऊबदार जागा. बर्फाला लागून शून्य अंश, खाली तळाशी चार. चार अंशांवर पाणी सगळ्यांत जड असतं, ते तळाला बसतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि मासे वाचतात. अंगात कोरडा सूट, त्याच्या आत लोकरीचे दोन थर. उघडे राहतात ते फक्त ओठ आणि गालांची एक पट्टी. तोंड पाण्याखाली गेलं की पहिलं मिनिट कपाळात कळ येते, लहानपणी बर्फाचा गोळा घाईघाईने चावला की यायची तशी. मग ओठ बधिर होतात आणि कळ जाते. नाडी मंदावते. आपला श्वास तेवढा ऐकू येतो, आत घेतानाची शीळ आणि सोडतानाची गडगड.

आणि मग मान वर करून बघायचं. डोक्यावर दुधी काचेचं छत, त्यात अडकलेले जुने बुडबुडे थरांथरांनी गोठलेले. मी सोडलेला श्वास छताला जाऊन लागतो आणि पाऱ्यासारखा पसरतो. दोन थेंब जवळ येतात, एक होतात, छताच्या उंचसखल भागांतून वाट काढत उलटे वाहू लागतात. त्यांच्यात मला माझा दिवा दिसतो, कधी माझं तोंड. अंधाऱ्या छतात आमच्या फावड्यांनी काढलेले उजेडाचे आरे दूरवर पसरलेले, आणि त्यांच्या मध्यावर तो त्रिकोण, हिरवट, इतका तेजस्वी की त्याच्याकडे बघवत नाही. तिथून पाण्यात उजेडाची तिरकी भिंत उतरलेली असते. हिवाळ्यात पाणी नितळ असतं. शेवाळ वाढत नाही, वारा पाणी ढवळत नाही, डोंगरावरून गाळ येत नाही. वरच्या माणसाचे बूट बर्फातून सावलीसारखे हलताना दिसतात. ते मामाच्या धोतराच्या जागी आलेत असं मला वाटतं आणि मी दोर एकदा ओढतो. वरून एकदा ओढ येते.

बर्फ आवाज करतो. तो आकुंचन पावतो, प्रसरतो, कुठेतरी लांब भेग जाते आणि ताणलेली तार तोडावी तसा आवाज उठतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पोहोचतो, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच येतो आणि कुठून आला ते उमगत नाही. सगळीकडूनच येतो, छातीतूनसुद्धा. पहिल्या वेळी मी घाबरून दोराला लटकलो होतो. आता मी त्याची वाट बघतो.

खाणीची भिंत मला पहिल्यांदा भेटली ती अशाच एका बुडीत, दहा मीटरांवर. दिव्याच्या झोतात उभ्या पन्हळी दिसल्या, एकसारख्या अंतरावर, बोटाने मातीत ओढाव्यात तशा. दगड फोडण्यासाठी पाडलेल्या सुरुंगाच्या नळ्यांचे ते उरलेले अर्धे भाग. मी हातमोजा घातलेला हात एका पन्हळीत ठेवला. तो बरोबर बसला. गाटिनोचे हे डोंगर शंभर कोटी वर्षांहून जुने, आणि माझ्या गावाकडचा काळा फत्तर लाव्हारसाचा, त्याच्यापुढे अगदीच तरणा. पण सुरुंगाची खूण दोघांच्या अंगावर एकच. ती मी लहानपणी रोज बघत होतो.

शाळेच्या वाटेवर खडीची खाण होती. वडारांची घरं तिच्या काठाला होती, बायामाणसं भर उन्हात हातोड्यांनी खडी फोडायची. ठेकेदाराने दगड नेला, मग खाण सोडून दिली. पहिल्याच पावसाळ्यात ती भरली. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला उतार असतो. खाणीला काठ म्हणून असतो तो सरळ तुटलेला कडा. पोरांना हे कळत नाही. त्यांना हिरवंगार पाणी दिसतं. दर पावसाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून अशा खाणीत पोरं बुडाल्याची बातमी येते, चार ओळींची, आणि ती वाचताना आजही माझा हात थांबतो. खाण बुजवायची, निदान कुंपण घालायचं, एवढंही आपल्याकडे होऊ नये याचा मला संताप येतो.

त्या श्रावणात माझ्यापेक्षा एका वर्गाने पुढचा मुलगा गेला. दुपारी गावात ओरडा झाला. मामाला बोलावणं आलं, कारण पंचक्रोशीत बुडी मारणारा तोच. त्याने गोठ्यातल्या मेढीवरून नाडा काढला, खाणीवर जाईपर्यंत खांद्यावर घेतला, आणि तिथे त्याचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मी त्याला दोराच्या त्या टोकाला कधी बघितलं नव्हतं. चार बापयांनी दोर धरला. मी दहा वर्षांचा. कुणी हाकललं नाही म्हणून मी त्यांच्या मागे जाऊन दोराचा शेपटाकडचा भाग दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. मामा खाली गेला. दोर सरकला, थांबला. पुन्हा सरकला. माझ्या तळहातांतून काहीतरी थरथरत जात होतं, आणि ते मामा आहे हे मला समजत होतं. तो वर आला, श्वास घेतला, परत गेला. तिसऱ्या बुडीत त्याला तो मुलगा सापडला.

संध्याकाळी मामाने नाडा पुन्हा मेढीवर टाकला. तो रात्रभर ठिबकत होता. आजी म्हणाली, तो दोर आता विहिरीवर नको. मामाने ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने धाकट्या मावसभावाच्या कमरेला तोच बांधला.

हे मी आमच्या मंडळींना एकदाच सांगितलं, गाडीत, परतीच्या वाटेवर. कुणी काही बोललं नाही. पुढल्या रविवारी निवृत्त बंबवाल्याने दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आज तू धर. त्याआधी नेहमी तो धरायचा.

चार ओढी मी आयुष्यात एकदाच दिल्या आहेत. चूक माझी होती. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना वॉल्व्ह गार लागतो हे पोरांनाही ठाऊक असतं. टाकीतली दाबलेली हवा रेग्युलेटरमधून प्रसरण पावत येते तेव्हा तेच होतं, कितीतरी जोरात. त्यात श्वासातली वाफ अडकली तर ती गोठते आणि झडप उघडीच राहते. म्हणून पक्का नियम: रेग्युलेटर पाण्याखाली गेल्यावरच त्यातून श्वास घ्यायचा, वरच्या थंड हवेत नाही. त्या दिवशी मी काठावर बसून तो तोंडात धरला आणि सवयीने दोन श्वास घेतले. बारा मीटरांवर, भोकापासून वीस मीटर दूर, तो उघडा पडला. तोंडासमोर पांढरा धबधबा. आवाजाने डोकं भरून गेलं. काही दिसेना. टाकीतली हवा अशी काही मिनिटांतच संपते.

मास्तर माझ्याबरोबर होता. शिकवलेलं सगळं हातांनी केलं, मी नाही. दुसरा रेग्युलेटर तोंडात, डावा हात दोरावर, चार ओढी. मास्तरने पाठीमागून पहिल्याची तोटी बंद केली. पण त्याच्याही आधी, माझी चौथी ओढ पुरी होते न होते तोच, दोर ताठ झाला. झटका नाही. एकसारखी, न थांबणारी, खात्रीची ओढ. उजेडाचे आरे डोक्यावरून मागे सरकू लागले, बाणांची टोकं एकामागून एक जवळ येऊ लागली. मला पोहावं लागलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझी भीती त्या ताठ दोरातून वर निघून गेली. कोपऱ्यात कोपरं टेकली तेव्हा परिचारिका बर्फावर पालथी पडून माझा हार्नेस धरून होती आणि सुतार अजूनही दोर ओढत होता, मी वर येऊन बसल्यानंतरसुद्धा. कुणीतरी त्याला थांबवलं.

नंतर मी त्याला विचारलं, तुला इतक्या लवकर कसं कळलं? तो म्हणाला, चार ओढींच्या आधी दोर थरथरला. ती तुझी थरथर नव्हती.

२०२३ चा हिवाळा आमच्याकडे आलाच नाही म्हणायचा. ओटावातल्या रिडो कालव्यावर दर हिवाळ्यात ७.८ किलोमीटरचं स्केटिंग चालतं, लोक कचेरीला त्यावरून घसरत जातात. पन्नासहून अधिक हिवाळ्यांत पहिल्यांदाच ते एक दिवसही उघडलं नाही. खाणीवरही आम्ही दोनदा जाऊन आलो. गिरमिट फिरवलं, मोजपट्टी घातली. बर्फ होता, पण बराचसा पांढरा, मध्ये पाण्याचा थर असलेला. गाडीत सामान भरून परतलो. मला वाटलं होतं तितकं ते सहज गेलं नाही. डोक्यावरचं छत आपल्याला उभं राहू देणार नाही असं म्हणाल्यासारखं वाटलं. त्या वर्षीच्या रविवारी आम्ही सुताराच्या स्वयंपाकघरात बसून सगळे दोर उलगडले, वीत-वीत तपासले, चिरलेले भाग कापून टाकले, गाठी नव्याने मारल्या. पाच माणसं, वाटाण्याचं सूप आणि साठ मीटर दोर. फारसं कुणी बोलत नव्हतं.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. फोनवर त्याला नीट ऐकू येत नाही. बर्फाखाली जातो म्हणजे काय हे त्याला समजावताना मला नाकी नऊ आले. फ्रिजमधल्या बर्फापलीकडे त्याने बर्फ बघितलेला नाही. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग त्याने एकच प्रश्न विचारला. "वर कोन असतंय?" मी सांगितलं, सुतार असतो, कधी मास्तर, कधी बंबावरचा माणूस. "विडी वढतोय का?" मी म्हटलं, नाही मामा, दोर धरल्यावर नाही. "मग ठीक हाय."

आज मैत्रिणीची बुडी बावीस मिनिटांची झाली. सोळाव्या मिनिटाला दोर थांबला. एकदा ओढून विचारलं, उत्तर आलं: ठीक. पण दोर जागचा हलेना. मला तो अंगठ्याशी सूक्ष्म डुलताना जाणवत होता, श्वासाच्या तालावर, आत, बाहेर. तिला काहीतरी दिसलं होतं आणि ती ते बघत राहिली होती, एवढं मला कळलं. काय दिसलं ते तिने वर आल्यावर सांगितलं: भिंतीच्या एका कपारीत चार-पाच मासे, थंडीने सुस्तावलेले, कल्ले जेमतेम हलवणारे. ती त्यांच्यासमोर नुसती थांबली होती. सांगताना तिचे ओठ बधिर होते, शब्द फुटत नव्हते, आणि मी मान डोलावत होतो, कारण यातलं अर्धं मला आधीच पोहोचलं होतं.

उन्हं कड्याआड गेली की आवरायला घेतो. बर्फाखाली सरकवलेला त्रिकोण आकड्यांनी ओढून परत जागेवर आणायचा; तो थोडा तिरका बसतो, चिरांमधून पाणी वर येतं आणि बघता बघता धुरकट होऊ लागतं. सभोवती देवदाराच्या फांद्या रोवायच्या, रंगीत फिती बांधायच्या, उद्या कुणी या वाटेने आला तर त्याला दिसावं म्हणून. सुतार प्रत्येक फांदी स्वतः हलवून बघतो.

ओला दोर तोवर काठीसारखा कडक झालेला असतो. त्याचं वेटोळं होत नाही. जसा वाकेल तसा तो गाडीच्या मागच्या बाकावर घालायचा, एक टोक पुढे माझ्या खांद्यापर्यंत येतं. घरी पोहोचल्यावर मी तो न्हाणीघरात टबाच्या वर, पडद्याच्या दांडीवर टाकतो. थोड्या वेळाने तो मऊ पडू लागतो, खाली लोंबतो. दिवे मालवून मी अंथरुणावर पडलो तरी दार अर्धवट उघडं ठेवतो. पाण्याचा एक थेंब टबात पडतो. मग बऱ्याच वेळाने दुसरा.